काशीत काय सोडायचं?

आमच्या काशीत दरवर्षी घाट नव्यानं सापडतात. श्रावण-भाद्रपदात गंगा चढत जाते, एकेक पायरी पोटात घेते, आणि एके दिवशी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जायची वाट बंद होते. मग दोनेक महिने आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहून नदीकडे डोकावतो आणि घरी परततो. दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरू लागतं. पण गंगा पायऱ्या परत देते त्या काही धुऊन-पुसून नाही. कमरेइतका गाळ ठेवून जाते. मग पालिकेचे पंप येतात, जाडजूड पाइप येतात, चार-चार माणसं एकेका पाइपाला मिठी मारून उभी राहतात आणि नदीचंच पाणी मारून नदीचाच गाळ नदीत ढकलतात. दिवसभर घरघर चालू असते.

या आठवड्यात ती घरघर पुन्हा सुरू झाली. मी राहते ती गल्ली राजाघाटाच्या अगदी वर, त्यामुळे स्वयंपाकघरातही ऐकू येते. पहिल्या दिवशी भाजी चिरता चिरता माझा हात थांबला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. तीन वर्षांपूर्वीचा कार्तिक आठवला. आई नागपूरहून पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आली होती आणि मी एक बेत रचला होता. त्या बेताचा विषय आईसमोर कुणी काढू नये, अशी माझी अजूनही इच्छा असते.

बेत एकटीचा नव्हता. माझा मोठा भाऊ, दादा, नागपुरात आईपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. मी रेल्वेच्या नोकरीत बदल्या झेलत झेलत इथे येऊन टेकले. आम्हां दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर पूर्ण एकमत झालं आहे, ते म्हणजे आईची स्कूटर. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. त्या आषाढात ती एका वळणावर गाडीवरून पडली, डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी ती गाडी काढून भाजी आणायला गेली. आम्ही समजावलं, रागावलो, दादानं एकदा किल्ली लपवली. आईकडे दुसरी किल्ली होती.

"आपलं ती ऐकत नाही," दादा म्हणाला. "काशीचं ऐकेल."

काशीचं ऐकेल, म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडून यायची, गंगेचं पाणी हातात घेऊन, कायमची. बहुतेक लोक एखादं फळ नाहीतर भाजी सोडतात; एकदा सोडली की पुन्हा तिला शिवायचं नाही. आता माणूस किती चलाख असतो ते बघायचं तर त्यानं काशीत काय सोडलं ते विचारावं. माझ्या आत्यानं कारलं सोडलं, जे तिनं जन्मात आवडीनं खाल्लं नव्हतं. शेजारच्या काकांनी फणस सोडला. नागपुरात फणस मिळवायचा म्हणजे आधी शोधमोहीम काढावी लागते. पण आई त्यातली नाही. आई एकदा हो म्हणाली की देवसुद्धा तिला नाही म्हणायला लावू शकत नाही. म्हणून आमचा हिशेब सरळ होता. रामघाटावर आमच्या ओळखीच्या एका मराठी गुरुजींचं घर आहे, त्यांच्याकडे आईला न्यायचं, आणि तिथे पोचेपर्यंत तिचं मन वळवून स्कूटर सोडायला लावायची. काम माझ्यावर आलं, कारण काशी माझ्या हद्दीत येते.

आता सरळ रिक्षात घालून रामघाटाला नेलं असतं तर आईला लगेच वास आला असता. म्हणून मी सहल आखली. म्हटलं, आई, एक अख्खा दिवस काढू आणि मराठी माणसांनी बांधलेले घाट बघू. राजाघाटापासून सुरुवात करू, मध्ये नाव घेऊ, भोसले घाट, आणि शेवटी रामघाटाला गुरुजींकडे जेवण. आईचे डोळे चमकले. मला वाटलं होतं त्याहून जरा जास्तच चमकले.

कारण आई तीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात ट्रेसर होती. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तो गिरवायचं काम तिचं. पूल, विश्रामगृहं, शाळा, धान्याची कोठारं. तिनं स्वतः एकही इमारत काढली नाही आणि जिल्ह्यातल्या निम्म्या तिच्या हाताखालून गेल्या. कागदाच्या कोपऱ्यात साहेबांची लांबलचक सही आणि खाली आईची दोन अक्षरं. लहानपणी मी तिच्या ऑफिसात गेले की नकाशाच्या छपाईचा तो नाकात झोंबणारा वास यायचा आणि आई मान वर न करता म्हणायची, "बस तिकडे. हात नको लावू. हे पाटबंधाऱ्याचं दार आहे."

ऑफिस गावाबाहेर गेलं तेव्हा ती गाडी शिकली. चाळिशी उलटली होती. बाबांना गाडीची भीती. त्यामुळे आमच्या घरी आई पुढे आणि बाबा मागे, असं चित्र होतं आणि चौकातले लोक बघत राहायचे. बाबा गेल्यावर मागची सीट रिकामी राहिली असं कुणाला वाटलं असेल तर चुकलं. तिथे कधी गुडघे धरलेली मैत्रीण डॉक्टरकडे जायला बसलेली असते, कधी पंधरा किलो तांदूळ.

तर त्या सकाळी आम्ही निघालो. कार्तिकातली थंडी इथे दबकत येते. उन्हात उभं राहिलं की नाही वाटत, सावलीत गेलं की दंडाला कळतं. गल्लीच्या कोपऱ्यावर मलइयोवाला बसायला लागला होता. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो पिवळा फेस आईनं मातीच्या कुल्हडातून चमच्यानं उचलला, तोंडात घातला आणि थांबली.

"खाल्लं का मी?" तिनं विचारलं.

"खाल्लंस."

"काय बाप्पा! तोंडात काहीच नाही उरलं. दुसरा घे, नीट बघते या वेळी."

दुसराही तिला नीट बघता आला नाही. तिसऱ्याला मी नको म्हटलं, कारण पुढे कचोरी-जिलबी होती आणि माझ्या वेळापत्रकात तिला दहा मिनिटं दिलेली होती. होय, वेळापत्रक होतं. मी रेल्वेत आहे.

राजाघाटाची पायरी उतरताना मी आईचा कोपर धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही. राजाघाट पेशव्यांच्या घराण्यातल्या एका पुरुषानं बांधला, राज्य हातातून गेल्यावर जो इथे येऊन राहिला. मी हे सगळं वाचून आले होते आणि पाठ म्हणून दाखवत होते. आई ऐकत नव्हती. ती पाठ नदीकडे करून भिंतीकडे तोंड करून उभी होती. गाळ अर्धा धुतला गेला होता. खालच्या पायऱ्या अजून चॉकलेटी चिखलात होत्या, वरच्या नुकत्या आंघोळ घातल्यासारख्या ओल्या, आणि चुनारचा तो पिवळसर दगड उन्हात हळूहळू वाळत होता.

"नीलू, खिडकी बघ," आई म्हणाली.

"कुठली?"

"कुठलीही. सगळ्यात खालची खिडकी कुठे आहे ते बघ."

मी बघितलं. वर, खूप वर होती. तिच्याखाली नुसती भिंत, दोन-तीन मजले जातील इतकी, किल्ल्यासारखी आंधळी.

"तिथपर्यंत नदीचं," आई म्हणाली. "त्याच्या वर माणसाचं. आमच्या साहेबांनी बांधलं असतं तर खालीही खिडक्या काढल्या असत्या आणि मग पाणी आत येऊ नये म्हणून भिंत घातली असती. ह्यांनी भांडणच ठेवलं नाही. ये म्हणाले, जितकं यायचं तितकं ये, आम्ही वर बसतो."

मग तिनं पर्समधून एक जुनी वही आणि पेन्सिल काढली आणि तिथल्या अठकोनी ओट्यावर बसून भिंत काढू लागली. दहा मिनिटांच्या ठिकाणी पन्नास मिनिटं गेली. पट्टी नाही, काही नाही, पण रेघ सरळ. मनगट मोडलं होतं ते डावं, उजव्यात सगळं शाबूत होतं. मला त्या दिवशी प्रथमच कळलं की आईला रेघ ओढायला खाली दुसऱ्या कुणाचा नकाशा लागत नाही. तीस वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात दादाचा फोन. "काढलास का विषय?"

"अजून नाही. चित्र काढतेय ती."

"कसलं चित्र? नीलू, तू तिला फिरवायला नाही नेलंयस."

मी फोन ठेवला. खरं तर विषय काढायला तोच क्षण चांगला होता. आई खूश होती, ऊन कोवळं होतं. पण ती जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून रेघ ओढत होती आणि माझ्यानं बोलवलं नाही. मी तिचा कोपर मात्र धरून ठेवला. "हात सोड गं," ती म्हणाली, "रेघ हलते." मी दुसरा धरला.

आताही रविवारी मी घाटांवर चालायला जाते तेव्हा आधी खालची खिडकी शोधते. सवयच लागली. नवीन हॉटेलं झाली आहेत, त्यातली काही खालपर्यंत काचा लावून बसली आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या दिवाणखान्यात गाळ येतो. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं, पण हसू येतं. मनात म्हणते, आमच्या आईला विचारायचं होतं.

दशाश्वमेधाला नाव केली. नावाड्यानं आईकडे बघून हात पुढे केला, "माताजी, आराम से, पकड़ लीजिए." आईनं त्याचा हात पकडला नाही, पर्स त्याच्या हातात दिली आणि स्वतः टुणकन उतरली. नावाडी माझ्याकडे बघून हसला. त्याला दुसऱ्या मिनिटाला कळलं ते आम्हांला इतके महिने कळत नव्हतं. नाव चालू झाली आणि डावीकडून वाडे, देवळं, छत्र्या एकेक करून सरकू लागल्या. बांबूच्या उंच काठ्यांवर कार्तिकातल्या आकाशदिव्यांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या, दिवसा रिकाम्याच. मणिकर्णिकेला आईनं हात जोडले, बाबांसाठी क्षणभर डोळे मिटले आणि उघडले ते थेट पुढच्या वाकड्या देवळावर.

ते देऊळ मागच्या बाजूला झुकलेलं आहे आणि त्याबद्दल शंभर गोष्टी आहेत, त्यात एका आईचा शापही येतो. नावाडी ती गोष्ट रंगवून सांगत होता. आई एक डोळा मिटून, हातातली छत्री दोन बोटांत ओळंब्यासारखी लोंबती धरून देवळाचा कल मोजत होती. "शाप-बिप काही नाही," ती नावाड्याला तिच्या नागपुरी हिंदीत म्हणाली, "नींव के नीचे मिट्टी बैठ गई, भाऊ. पर गिरा नहीं ना? इतने साल से टेढ़ा खड़ा है. टेढ़ा होना अलग, गिरना अलग." नावाड्याला हे इतकं पटलं की त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सांगायचं ठरवलं. मला उगाच वाटलं की हे वाक्य माझ्यासाठी होतं.

भोसले घाटावर उतरलो आणि आईची चालच बदलली. "आपला!" ती म्हणाली. नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला घाट म्हटल्यावर तिच्यातली नागपूरकर बाई आणि बांधकाम खात्यातली बाई दोघी एकदम जाग्या झाल्या. पाहणीला आलेल्या साहेबासारखी ती पायऱ्या चढू लागली. पायऱ्या खड्या, उंच, आणि वर तो दगडी वाडा, गप्प, भक्कम, अगदी माथ्याशी नक्षीच्या छोट्या खिडक्या. सांध्यात बोट घालून बघणं, दगडावर छत्रीनं ठोकून बघणं, "हे मागाहून लिंपलंय, कच्चं काम" असे शेरे. एका भिंतीवर पिंपळ उगवला होता, त्याच्याकडे तिनं असं बघितलं की मला पिंपळाची काळजी वाटली.

इथे गाळ काढणं चालू होतं. पाइपवाली माणसं जेवायला बसली होती आणि वाट अर्धी धुतलेली, अर्धी नाही. वाळलेल्या गाळाला वरून भेगा पडलेल्या असतात. तो कडक दिसतो. त्यावर कुत्र्यांची पावलं उमटलेली असतात, म्हणून आपल्याला वाटतं की आपणही जाऊ शकू. आई प्रत्येक पाऊल टाकण्याआधी छत्रीचं टोक रोवून बघत होती. मी तिच्या पायांकडे बघत होते, तिचा कोपर धरून, "सावकाश, सावकाश, इकडे नको, तिकडे बघ" करत. माझ्या पायांकडे कुणीच बघत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी पडले. साधी नाही पडले. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, डावा त्याच्या शोधात गेला, आणि मी आईचा कोपर घट्ट धरूनच खाली बसले, मोठ्या सभेत बसतात तशी, पूर्ण. आई वाकली, एक पाय मागच्या पायरीला रोवला, छत्री बगलेत मारली आणि तशीच उभी राहिली. जेवायला बसलेली माणसं धावून आली तोवर तिनं मला अर्धं बाहेर काढलं होतं.

"नीलू," ती धापा टाकत म्हणाली, "आता माझा हात सोड. म्हणजे दोघीही उभ्या राहू."

मी सोडला. आणि मग आम्ही दोघी त्या भोसल्यांच्या पायरीवर बसून जे हसलो, जे हसलो, की ती पाइपवाली माणसंही हसू लागली. त्यांनी मला पाइपानं धुतलं. खोटं नाही. घाटाबरोबर मीही धुतले गेले. आई बाजूला उभी राहून सांगत होती, "भाऊ, पीछे से भी."

दादाचा दुसरा फोन आला तेव्हा मी थंडीनं कुडकुडत होते. "काढलास का?"

"मला बाहेर काढलंय आत्ताच," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. मी तरी काय सांगणार होते? की ज्या बाईला धड चालता येत नाही म्हणून आपण तिची गाडी काढून घेणार आहोत, तिनं मला एका हातानं चिखलातून ओढून काढलं? पण बेत मी सोडला नव्हता, हेही खरं. मनात म्हणत होते, पायऱ्या वेगळ्या, रस्ता वेगळा. रस्त्यावर ट्रक असतात.

रामघाटाच्या गल्ल्या अरुंद. समोरून गाय आली की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. एका पाठशाळेतून वेदांची संथा ऐकू येत होती, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दुसऱ्या खिडकीतून फोडणीचा आवाज. गुरुजींच्या घराची पायरी चढले तेव्हा माझ्यातून पाणी गळत होतं. गुरुजींच्या बायको, आमच्या काकू, दारातच होत्या. सात पिढ्या काशीत, त्यांची मराठी घरात जपलेली, पण गल्लीतल्या हिंदीनं तिच्यात हात घातलेला.

"अरे देवा! हे काय हालत झाली तुमची? फिसलल्या काय?" त्या म्हणाल्या. "चला चला, आधी कपडे बदलून घ्या. परेशान नका होऊ, घाटावर दरसाल कोणी ना कोणी गिरतंच."

"मी तर म्हणून राहिले होते तिला, हात सोड, हात सोड," आई म्हणाली.

"मुलं ऐकतात काय!" काकू म्हणाल्या.

दोघींची तत्क्षणी गट्टी जमली. पुण्याच्या माणसांनी ज्यांना नाकं मुरडावीत अशा दोन मराठी बोली एकमेकींना कडकडून भेटल्या. मी काकूंचं नऊवार कसंबसं गुंडाळून बाहेर आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होती आणि काकू तिला सांगत होत्या की यात्रेला आलेले लोक काय काय सोडून जातात. "जे आवडतच नाही ते छोडतात हो. एक बाई तर म्हणाली, मी उपास सोडते!"

जेवण झालं. गुरुजी ओसरीवर येऊन बसले. पांढरी मिशी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं हळू. समोर तांब्यात गंगेचं पाणी आणि एक ताम्हन. "हं, आई," ते म्हणाले, "तुम्ही काय सोडणार? पसंतीची चीज पाहिजे. माझ्यासमोर फणस नाही चालणार."

मी घसा खाकरला. आता तरी बोलायला हवं होतं. दिवसभराची सहल याच मिनिटासाठी होती. आणि आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला स्कूटर पाहिजे आहे."

मी तांब्याकडे बघू लागले.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तुझा दादा फोनवर कुजबुजतो तेसुद्धा दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं. आगगाडीत बसल्यापासून माहीत आहे. म्हटलं, बघू या पोरगी कसं विचारते. सकाळपासून वाट बघून राहिले, विचारलंच नाहीस." तिचा आवाज चिडलेला नव्हता, हेच वाईट होतं. "तुम्हां दोघांना झोप लागत नाही माझ्यामुळे, तेही मला माहीत आहे. आवडीची वस्तू म्हणाल गुरुजी, तर त्याहून आवडीची माझ्याकडे दुसरी नाही. ठीक आहे. सोडते."

तिनं उजवा हात पुढे केला. गुरुजींनी तांब्यातून तिच्या तळव्यावर पाणी घातलं. तळव्याला पेन्सिलीचं काळं लागलेलं होतं, सकाळच्या भिंतीचं. ते पाणी तिनं ताम्हनात सोडलं की झालं, मग ती मेली तरी पुन्हा गाडीला हात लावणार नव्हती. आम्हांला जे हवं होतं ते सगळं त्या तळहातावर होतं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला आई दिसली, संध्याकाळी दाराशी, कुणीतरी न्यायला येईल म्हणून पर्स घेऊन बसलेली. आणि ती कुठे जायचं ते आता आम्हांला विचारेल, हे दिसलं.

"नको!" मी ओरडले आणि तिचं मनगट धरून हात उलटा केला. पाणी ताम्हनात नाही, माझ्या मांडीवर सांडलं. काकूंचं नऊवारही ओलं.

काकू "अरे अरे" करत उठल्या. आईनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि माझे तर वाहत होते.

"हे चालतं का गुरुजी?" मी विचारलं. "असं मध्येच..."

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "सुटलंच नाही, तर मोडलं कुठे?" ते म्हणाले. "पाणी पुष्कळ आहे. गंगा समोर आहे. आई, दुसरं काही सांगा."

आईनं नाक पुसलं. थोडा विचार केला. "सीताफळ," ती म्हणाली, आणि त्यात लबाडी नव्हती. दिवाळीच्या दिवसांत ती रात्रीचं जेवण टाकून सीताफळं खाणारी बाई. दुसऱ्यांदा पाणी घेतलं, ताम्हनात सोडलं, संपलं. हे लिहिताना मला तिचं वाईट वाटतं आहे, पण खरं सांगायचं तर त्या वेळी ओसरीवर सगळे इतके हलके झाले होते की सीताफळाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. गल्लीतून वर मुख्य रस्त्याकडे चाललो होतो. आई पुढे, मी मागे, नऊवार सावरत, ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन. मी तिचा हात धरला नव्हता. दोन वेळा हात आपोआप पुढे गेला, तो मी पिशवीकडे वळवला. तिसऱ्यांदा दादाचा फोन आला.

"काढलास का विषय?"

"हो."

"मग? काय म्हणाली?"

त्याला खोटं सांगणं शक्य होतं. आई तयार झाली नाही, म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला असता. "तिनं सोडली होती," मी म्हटलं. "पाणी हातात घेतलं होतं. मी सांडलं."

"तू सांडलंस?"

"हो. मला नाही बघवलं, दादा. तू असतास तर तूही सांडलं असतंस."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसतं म्हणाला, "आईला दे."

मी फोन स्पीकरवर केला आणि आईसमोर धरला. एक गाय येत होती, आम्ही दोघी एका ओट्यावर चढलो.

"आई," दादाचा आवाज आला, "चालव. पण हेल्मेट घाल आणि—"

"ते घालते मी. तू आता माझं ऐक," आई म्हणाली. "मी यायच्या आत गाडी मेकॅनिककडे टाक. मागचा ब्रेक लागून नाही राहिला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मी तिच्याकडे बघितलं. आषाढातलं ते वळण, ते प्लास्टर, सगळं माझ्यासमोर आलं. दादालाही आलं असावं, कारण तो जवळजवळ ओरडला, "उन्हाळ्यापासून? आणि तू आत्ता सांगतेस? आधी का नाही बोललीस?"

"आधी सांगितलं असतं," आई शांतपणे म्हणाली, "तर तुम्ही ब्रेक नीट केला असता, का गाडी विकली असती?"

गाय निघून गेली तरी आम्ही ओट्यावरच उभ्या होतो. मग दादाचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "उद्या सकाळीच टाकतो," तो म्हणाला.